आठ दिवस, सात शहरं आणि इरावतीबाईंचा पत्ता

हायडेलबर्गच्या किल्ल्याच्या तळघरात एक लाकडी पिंप आहे. 1751 साली बांधलेलं, दोन लाख लिटरहून जास्त वाइन मावेल एवढं. वर चढायला जिना आहे आणि माथ्यावर लोकांना नाचता यावं म्हणून फळ्यांचा कट्टा. आमच्या ग्रुपमधले 42 जण ओळीनं वर गेले, फोटो काढले आणि ओळीनं खाली आले. अण्णा सगळ्यांत शेवटी उतरले आणि मला म्हणाले, "सहाशे वर्षांची शाळा हाय म्हनं या गावात. ती कामून दाखवीत न्हाईत?"

अण्णा पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झाले. ते कुठल्याही गावात गेले की आधी शाळा बघतात. ही 'शाळा' म्हणजे हायडेलबर्गचं विद्यापीठ, स्थापना 1386. मी टूर मॅनेजरला विचारलं. त्यानं घड्याळ दाखवलं. त्याचंही बरोबर होतं. साडेचारला बस सुटणार होती आणि रात्रीच्या जेवणाला पंजाबी हॉटेलात वेळ दिलेली होती.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आई-अण्णांना एकदा तरी विमानात बसवायचं म्हणून ही सहल काढली होती. आठ दिवस, सात शहरं : फ्रँकफर्ट, कोलोन, बॉन, हायडेलबर्ग, म्युनिक, न्युरेंबर्ग, बर्लिन. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. मी पॉवर बँक घेतली होती. अण्णांनी एक दोनशे पानी वही घेतली होती आणि ती दुसऱ्याच दिवशी निम्मी भरत आली होती.

अण्णांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या रात्री हॉटेलात फोनवर शोधायला लागलो आणि परत आल्यावर काही महिने वाचत राहिलो. त्यातून हळूहळू एक वेगळाच नकाशा तयार झाला. आपली माणसं गेल्या दीडशे वर्षांत जर्मनीत कुठं कुठं गेली, तिथली माणसं आपल्याकडे कुठं आली, याचा. तो नकाशा आमच्या सहलीच्या नकाशावर ठेवला तर शहरं बरीचशी तीच निघतात. थांबे मात्र सगळे वेगळे.

राजवाडा आणि धनगरवाडा

बॉनमध्ये आम्हाला बीथोव्हेनचं घर दाखवलं. 1770 मध्ये तो तिथं जन्मला. त्या घरापासून थोडं चाललं की विद्यापीठाची मुख्य इमारत लागते. एकेकाळचा राजवाडा, पिवळसर भिंतींचा, समोर भलंमोठं हिरवं मैदान. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनमधला अभ्यास चालू असतानाच, बाबासाहेब आंबेडकरांनी या विद्यापीठात नाव घातलं होतं. तिथला अभ्यास पुरा झाला नाही. ते लंडनला परतले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. लंडनमधलं त्यांचं घर महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं, तिथं स्मारक झालं, लोक ते बघायला जातात. बॉनच्या त्या पिवळ्या इमारतीवरून आमची बस गेली तेव्हा बसमध्ये अंताक्षरी चालू होती. मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं, त्यामुळे दोष कुणाला देणार?

हायडेलबर्गचं विद्यापीठ तर आपल्या फारच जवळचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेचं काम अनेक वर्षं सांभाळणारे रा. ना. दांडेकर 1938 मध्ये तिथूनच पीएच.डी. झाले. पण मला जास्त ओढ लागली ती उलट दिशेनं आलेल्या माणसाची. ग्युंटर सोन्थायमर. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारा हा माणूस महाराष्ट्रात आला आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर त्यानं 1976 मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जेजुरीच्या जत्रा पाहिल्या. हेनिंग स्टेगम्यूलर यांच्याबरोबर पंढरीच्या वारीवर माहितीपट केला.

आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगरावरचा. मांजरा नदी इथंच उगम पावते. पाऊस कमी, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की अर्धी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. धनगरांची मेंढरं आमच्या लहानपणी रानात बसायला यायची. त्या ओव्यांकडे आम्ही कधी 'वारसा' म्हणून पाहिलं नव्हतं. रात्री ऐकू यायच्या, एवढंच. हायडेलबर्गहून एक माणूस येतो, त्या ओव्यांसाठी आयुष्याची वर्षं घालतो, आणि आम्ही हायडेलबर्गला जाऊन पिंपावर चढून येतो. हे अण्णांना नंतर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "त्यानं बी आधी आपली पिंपंच बघितली असतील. मग शाळा हुडकली."

हायडेलबर्गहून म्युनिकला जाताना महामार्गावर 'स्टुटगार्ट' अशी पाटी आली. आमच्यासाठी ते चहापाण्याचं ठिकाणसुद्धा नव्हतं. याच शहरात 22 ऑगस्ट 1907 रोजी, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत, मुंबईच्या मादाम भिकाजी कामा उठल्या आणि त्यांनी स्वतंत्र हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे, आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. जगभरातून आलेल्या प्रतिनिधींसमोर देवनागरी अक्षरं अशी फडकली. तो झेंडा आज पुण्यात, केसरीवाड्यात आहे. मी पुण्यात अनेक वर्षं राहतो. नारायण पेठेतून रोज गाडी घालतो. झेंडा बघायला आत गेलो तो स्टुटगार्टची पाटी बघून परत आल्यावर.

पायाखालची नावं

बर्लिनमध्ये आमचा दीड दिवस होता. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचा उरलेला तुकडा, संसदेची काचेची घुमटी बाहेरून. मग ज्यू हत्याकांडाचं स्मारक. शहराच्या अगदी मध्यावर, 2,711 राखाडी ठोकळे. 2005 मध्ये ते खुलं झालं. आत शिरलं की ठोकळे उंच होत जातात, जमीन उतरत जाते आणि बरोबरची माणसं दिसेनाशी होतात. आमच्यातल्या दोघा-तिघांनी ठोकळ्यावर बसून फोटो काढले. मग कुणीतरी हळूच सांगितलं, ते उतरले.

संध्याकाळी मी आणि आई हॉटेलच्या आसपास पाय मोकळे करायला निघालो. एका जुन्या घराच्या दारासमोर आई एकदम थबकली आणि बाजूला सरकली. फुटपाथच्या दगडांत चार पितळी चौकोन बसवलेले होते, तळहाताएवढे. त्यांवर अक्षरं कोरलेली. मी फोन धरून भाषांतर केलं. 'इथं राहत होती', मग नाव, जन्मसाल, कधी हद्दपार केलं ते साल, आणि कुठं मारलं ते ठिकाण. चारही नावांचं आडनाव एकच. शेवटचं नाव सहा वर्षांच्या मुलीचं.

या दगडांना तिकडे 'अडखळायचे दगड' म्हणतात. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंतानं 1990 च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा, आणि जागा म्हणजे त्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं राहिलेलं शेवटचं घर. 2023 पर्यंत युरोपभर एक लाखाहून जास्त दगड बसले. वाचायचं असेल तर मान झुकवावी लागते.

आईनं मान झुकवली, पण वेगळ्या कारणानं. तिनं चार बोटं त्या पितळेला लावली आणि कपाळाला लावली. म्हणाली, "नावावर पाय पडला रे. आसं खाली कशाला लिवायचं? लेकराचं नाव हाय."

मला वाटलं, ही आपली भाबडी रीत. परत येऊन वाचलं तर म्युनिकमधल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख यांचाही हाच आक्षेप निघाला : ज्यांना जिवंतपणी तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायदळी नकोत. म्हणून म्युनिकच्या सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला परवानगी नाही. तिथं भिंतीवर पाट्या लावतात. एका शहरानं पायाखाली लिहिलं, दुसऱ्यानं डोळ्यांच्या उंचीवर. पण लिहायचं की नाही, यावर दोन्ही शहरांत वाद उरलेला नाही.

महाभारताच्या ब्रँचेस

दुसऱ्या दिवशी दुपारी खरेदीसाठी तीन तास मोकळे होते. आई ग्रुपबरोबर गेली. मी आणि अण्णा मेट्रोनं डालेमला गेलो. बर्लिनच्या कडेचं हे शांत उपनगर, झाडी, बंगले आणि विद्यापीठाच्या इमारती. अण्णांना अखेर शाळा दाखवायची होती.

तिथं जाण्याआधी बर्लिनच्या आणखी एका विद्यार्थ्याची ओळख करून द्यायला हवी. विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस बर्लिनला गेला आणि हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत शिकून 1914 मध्ये डॉक्टर झाला. या ल्यूडर्सनीच 1908 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक छापील नमुना तयार केला होता. ते काम युरोपातल्या अकादमी मिळून करणार होत्या. मग पहिलं महायुद्ध आलं आणि ती योजना बारगळली. 1919 मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेनं ते काम हाती घेतलं आणि 1925 मध्ये सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर महाभारत म्हणजे दोन हजार वर्षं चाललेलं एक रिपॉझिटरी. काश्मीरची ब्रँच वेगळी, बंगालची वेगळी, मलबारची वेगळी. प्रत्येकानं आपापले बदल घुसवले आणि कमिट मेसेज कुणीच लिहिला नाही. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून हस्तलिखितं जमवली, ओळीला ओळ लावून फरक काढले आणि सगळ्या शाखांच्या मागे जाता येईल तितकं मागे गेले. एकूण 1,259 हस्तलिखितं वापरली. सुकथनकर 1943 मध्ये गेले. काम 1966 मध्ये संपलं. हे तंत्र युरोपात, त्यातही जर्मनीत, ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घासून धारदार झालेलं. ते उचललं बर्लिनमध्ये आणि वापरलं पुण्यात, अशा ग्रंथावर की ज्याचा आवाका पाहून युरोपही थांबलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढच्या गोष्टीत हेच महाभारत परत येतं.

इनेश्ट्रासे, क्रमांक 22

डालेममधल्या इनेश्ट्रासे या रस्त्यावर 22 क्रमांकाची इमारत आहे. आज तिथं राज्यशास्त्र शिकवतात. 1927 मध्ये ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था म्हणून उघडली. संस्थेच्या नावातच 'मानवी आनुवंशिकता' आणि 'सुप्रजनन' हे शब्द होते. संचालक होते ऑयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन करून नाव मिळवलेले. गोरे श्रेष्ठ, वंशांची सरमिसळ घातक, हा त्यांचा सिद्धान्त.

1928 च्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे पुण्याहून एक विद्यार्थिनी निघाली. वय 22, साडी, मागे नवरा आणि सासर. इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून नाव इरावती नदीवरून. सासरे म्हणजे साक्षात धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले. तरी सुनेनं परदेशी शिकायला जाण्याला त्यांचा विरोध होता. नवरा दिनकर मात्र ठाम पाठीशी. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले.

फिशर यांनी तिला विषय दिला : माणसाच्या कवटीतली असममितता, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. त्यामागचं गृहीतक असं की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत हा फरक जास्त असणार, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, आणि तर्कबुद्धी तिथं राहते. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या. या दुसऱ्या कवट्या कुणी हौसेनं दान केलेल्या नव्हत्या. वसाहतीतल्या लढायांतून, दफनभूमीतून गोळा करून अशा हजारो कवट्या बर्लिनला पोचल्या होत्या.

मोजून झाल्यावर तिनं जे दिसलं ते लिहिलं. असममितता सगळ्याच माणसांत असते. वंशाशी तिचा संबंध लागत नाही.

ऐकायला साधं वाटतं. पण तिची जागा डोळ्यांपुढे आणा. परका देश, उधारीचे पैसे, दोन वर्षांची मेहनत. प्रबंध तपासणारा तोच, ज्याच्या सिद्धान्ताला तो प्रबंध छेद देतो. आकडे थोडे इकडे-तिकडे केले असते तर कुणाला कळलं नसतं. नोकरीत मला साधा डॅशबोर्ड बनवायचा असतो. 'ग्राफ जरा वर जाताना दिसू दे' असं वरून सांगितलं की आम्ही मुकाट्यानं अक्ष बदलतो. तिथं पणाला काय लागलेलं असतं? एक अप्रेझल.

उर्मिला देशपांडे (इरावतीबाईंची नात) आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी 2024 मध्ये इंग्रजीत तिचं चरित्र लिहिलं. फिशर यांनी तिला अगदी खालची श्रेणी दिली, असं त्यातून कळतं. पण डॉक्टरेट मिळाली. 1930 मध्ये ती परत आली.

त्यानंतर त्या इमारतीत काय झालं ते दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे. 1933 मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1935 मध्ये न्युरेंबर्गचे वंशकायदे आले. (न्युरेंबर्गला आम्ही किल्ला पाहिला आणि मसाल्याची बिस्किटं घेतली.) 1937 मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी सैनिकांच्या मुलांची सक्तीनं नसबंदी केली. त्यात या संस्थेचा हात होता. फिशर यांच्यानंतर आलेले फेर्शुअर हे योसेफ मेंगेलेचे गुरू. मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीतून मेलेल्या माणसांचे अवयव या पत्त्यावर पाठवत असे.

पाटी 1988 ची. ती सगळी नावं घेते आणि शेवटी सांगते की शास्त्रज्ञ जे शोधतात त्याची आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी त्यांचीच. 2014 मध्ये जवळच खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. पुढच्या उत्खननात तुकड्यांची संख्या हजारांत गेली. ती माणसं कोण होती हे कळणार नाही, तेव्हा वंश शोधायचे आणखी प्रयोग त्यांच्यावर नकोत, असं ठरलं आणि 2023 मध्ये त्यांचं दफन केलं.

त्या दिवशी रविवार होता. दार बंद. अण्णांनी चष्मा पुसला, मला पाटीचं भाषांतर वाचायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "ही पाटी कुणी लावली? जिंकलेल्यांनी?"

म्हटलं, नाही. त्यांच्याच विद्यापीठानं. स्वतःच्याच दारावर.

मोजपट्टी घरी आणल्यावर

इरावतीबाईंची गोष्ट इथं थांबवली तर ती फार सोयीची होते. गोऱ्यांना खोटं पाडून आपली मुलगी घरी आली, टाळ्या. पण घरी येताना तिनं मोजपट्टीही आणली. पुढची अनेक वर्षं ती महाराष्ट्रभर फिरून वेगवेगळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजत होती. जे शास्त्र बर्लिनमध्ये तिच्या डोळ्यांदेखत विषारी होत गेलं, त्याचंच हत्यार. हे वाचताना मला अवघडल्यासारखं झालं आणि ते अवघडलेपण गेलेलं नाही. तिच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की ती श्रेष्ठ-कनिष्ठ शोधत नव्हती. एकाच नावाच्या जातीत किती वेगवेगळे गट आहेत, 'ब्राह्मण' म्हणवणारे सगळे एका मुळाचे नाहीत, हे ती दाखवत होती. तरीही आकड्यांपेक्षा तिची नजर मोठी होती, आणि ती जास्त दिसते तिच्या मराठी लेखनात.

'वाटचाल' या लेखात ती ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाते. ज्या देशातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही तिला वाटेत सापडलेली व्याख्या आज सगळे सांगतात. पण त्याच लेखात तिनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. तिच्या दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका दिवसभर एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, आणि जेवायला वेगवेगळ्या बसत. ही दुसरी नोंद फारसं कुणी सांगत नाही. एकाच लेखातली दोन निरीक्षणं. एक मिरवायच्या कामाचं, एक खटकणारं. तिनं दोन्ही लिहिली, कवट्यांचे आकडे लिहिले तशीच.

आणि 1967 मध्ये 'युगान्त' आलं. महाभारतातल्या माणसांना देवपणाच्या शेंदरातून बाहेर काढून माणसं म्हणून वाचणारं पुस्तक. त्याचा पाया भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. म्हणजे बर्लिनहून 1914 मध्ये निघालेली एक वाट आणि 1930 मध्ये निघालेली दुसरी, पुण्यात येऊन या एका मराठी पुस्तकात मिळाल्या. टूरवाल्यांच्या नकाशावर हा रस्ता कुठून असणार?

पाटोद्याला परत

पैठणहून पंढरपूरला जाणारी नाथांची पालखी आमच्या पाटोद्यावरून जाते. लहानपणी आमच्यासाठी ग्रुप टूर म्हणजे तीच. ठरलेले मुक्काम, ठरलेल्या वेळा, जेवण कुठं ते आधीच ठरलेलं. परत आल्यावर गावातल्या लोकांनी अण्णांना विचारलं, काय बघितलं तिकडं? अण्णांनी पिंप सांगितलं, चर्च सांगितलं, आणि मग दारातले पितळी दगड सांगितले. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, आपल्याकडं आसलं काय झालं न्हाई."

अण्णा गप्प बसले. त्या रात्री मला म्हणाले, "झालं न्हाई कसं?"

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आम्ही शाळेत शिकलो. 17 सप्टेंबरला प्रभातफेरी काढली. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव पाठ केलं. ते सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण पोलिस ॲक्शननंतरच्या आठवड्यांचं कुणी शिकवलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना त्या वर्षीच्या अखेरीस संस्थानात पाठवलं. त्यांच्या अहवालात मुसलमानांच्या कत्तलींची नोंद आहे. एकूण मृतांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार. सगळ्यात जास्त हानी झालेले चार जिल्हे आधी येतात, आणि त्यानंतरच्या चारांत बीडचं नाव आहे. शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी त्यात आहेत. तो अहवाल अनेक दशकं छापला गेला नाही. आज वाचायला मिळतो.

याची जर्मनीशी बरोबरी करायची नाही. सरकारनं कारखान्यासारखं चालवलेलं हत्याकांड वेगळं आणि सूडाच्या लाटेत झालेल्या कत्तली वेगळ्या. पण लिहून ठेवणं ही गोष्ट दोन्हीकडे एकच असते. माझी आजी कुठलीही जुनी गोष्ट सांगताना साल म्हणून 'रझाकाराच्या टायमाला' म्हणायची. तिथून पुढं दोन-चार महिने सोडून द्यायची आणि थेट 'मग तुझा चुलता झाला' यावर यायची. मला कधी विचारावंसं वाटलं नाही, की मधे काय झालं. आता ती नाही.

अण्णांनी सहलीच्या वहीची उरलेली पानं त्यासाठी धरली आहेत. तालुक्यात नव्वदीच्या आसपासची जी माणसं आहेत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, त्यांच्याकडे ते दर रविवारी जातात. काही जण बोलतात. काही म्हणतात, "गुरुजी, आता कशाला उकरता?" अण्णा तेही लिहून घेतात, तारीख टाकून. रझाकारांनी केलेलं लिहितात, नंतर झालेलं लिहितात, कुणी कुणाला कणगीत लपवलं तेही लिहितात. मी सुचवलं की रेकॉर्ड करू, ॲप बनवू. ते म्हणाले, आधी लिहून तर होऊ दे.

मागच्या फोनवर विचारलं, किती झाली? म्हणाले, अकरा घरं झाली. एका घरी म्हातारीनं नुसतं दार दाखवलं आणि म्हणाली, इथं राहत होते.